गोदेच्या मुखाशी : कोरंगीच्या खाडीचा पूर्वेतिहास

भोकर हे नाव उच्चारताच पुण्या-साताऱ्याकडील पुष्कळ गृहिणींस प्रथम लोणच्याची फळे आठवतील. आम्ही म्हणतो ते भोकर म्हणजे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नांदेडपासून पन्नासेक किलोमीटरांवर, मुदखेडहून आदिलाबादेस जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेलंगणाची सीमा जवळ असल्यामुळे आठवड्याच्या बाजारात मराठीच्या जोडीने तेलुगूही सहज कानी पडते. अशा या आडवळणाच्या गावाचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारील तर त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु संबंध आहे, आणि तो मातीचा आहे.

भोकरच्या मुलखातून सुधा नावाची लहानशी नदी वाहते. ती भैंशाच्या बाजूस उतरून पुढे गोदावरीस मिळते. आषाढात चार दिवस झड लागली म्हणजे शेताशेतांतून काळपट पाणी ओहोळांत धावू लागते, ओहोळांचे नाले होतात, आणि नाल्यांची सुधा होते. त्या पाण्याकडे पाहून आमच्या घरातील वडील मंडळी नेहमी एकच वाक्य बोलत, ‘माती गंगेला चालली.’ आमच्याकडे गंगा म्हणजे गोदावरी, हे गोदातीरीच्या वाचकांस सांगणे नलगे. गंगेला मिळाल्यावर त्या मातीचे पुढे काय होते, हे पाहण्याचा योग आम्हांस पौषात आला. पौष अमावास्येस गोदेच्या मुखाशी चोल्लंगी येथे समुद्रस्नानाचे मोठे पर्व असते. घरातील वृद्धांस स्नान घडावे आणि आम्हांस खाडी पाहावयास मिळावी, असा दुहेरी हेतू धरून आम्ही सिकंदराबादेवरून राजमहेंद्रीस गेलो.

गोदावरीचा हा प्रवास मोठा विलक्षण आहे. त्र्यंबकेश्वरी ती उगम पावते तेव्हा पश्चिम समुद्र तिच्यापासून अवघा ८० किलोमीटरांवर असतो. तिकडे पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटर चालते आणि तीन लाख चौरस किलोमीटरांहून अधिक मुलखाचे पाणी घेऊन पूर्वसमुद्रास मिळते. बृहस्पती सिंह राशीस गेला म्हणजे नाशिकास सिंहस्थ भरतो आणि राजमहेंद्रीस पुष्करम् भरते. एकाच नदीच्या दोन टोकांस एकाच ग्रहाच्या हिशेबाने पर्व लागावे, ही गोष्ट आम्हांस तेथील उपाध्यायांशी बोलताना विशेष सुखद वाटली. २०१५ साली उभयत्र यात्रा भरली होती.

राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरम् येथे नदीवर बंधारा आहे. सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअराने १८४७ ते १८५२ या काळात पहिला बंधारा घातला आणि दुष्काळाने गांजलेल्या त्या मुलखास भाताचे कोठार करून टाकले. तेथील लोक त्यास भगीरथाची उपमा देतात व त्याच्या प्रतिमांस हार घालतात. परकीय अधिकाऱ्याविषयी एवढा आदर आम्ही अन्यत्र फारसा पाहिला नाही. या धवळेश्वरापासूनच गोदेचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. नदी येथे गौतमी व वसिष्ठा अशा दोन मुख्य फाट्यांत विभागते. लोकांच्या श्रद्धेप्रमाणे मुखे सात, आणि सातही सप्तर्षींच्या संबंधाने ओळखिली जातात. त्या सातही संगमांवर क्रमाने स्नान करण्याची सप्तसागरयात्रा अद्यापि चालते. चोल्लंगी हे त्यांपैकीच एक ठिकाण. स्नानाचा पुण्यलाभ वडिलांनी घेतला; गर्दीत कोणी हरवले नाही, एवढेच आमच्या वाट्याचे पुण्य.

चोल्लंगीच्या पलीकडेच कोरंगी. गौतमीच्या उत्तरेकडील फाट्यांच्या मुखाशी हे गाव आहे. त्याच्या पूर्वेस उथळ आखात पसरले आहे आणि आखाताच्या पलीकडे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी आहे. तीस होप बेट म्हणतात. आखाताच्या उत्तरेच्या अंगास काकिनाडा बंदर. मधल्या दलदलीत तिवरांचे विस्तीर्ण अरण्य आहे. १९७८ पासून ते अभयारण्य म्हणून राखिले असून त्याचे क्षेत्र २३५ चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक आहे. लाकडी फळ्यांची पायवाट बांधून पर्यटकांस आतपर्यंत जाण्याची सोय केली आहे. कोकणातल्या वाचकांस तिवर नवा नाही; आम्हां मराठवाड्यातील माणसांस मात्र चिखलातून वर डोकावणाऱ्या त्या हजारो श्वासमुळ्या पाहून प्रथम खुंट्याच रोवल्या आहेत असे वाटले. ओहोटीस चिखल उघडा पडतो, त्यावर खेकडे धावतात, बगळे टपून बसतात. दोन प्रहरांनी पाहावे तो सगळे पाण्याखाली! चिखल हातात घेऊन पाहिला. काळसर, चिकट, बोटांस धरून राहणारा. आमच्याबरोबरच्या एका वृद्ध आप्तांनी तो दोन बोटांत चोळला आणि म्हणाले, ‘अहो, ही तर आपल्याच रानातली!’

थट्टा म्हणून ते बोलले, पण शास्त्रज्ञही निराळ्या साधनांनी त्याच निष्कर्षास आले आहेत. तो वृत्तांत सविस्तर सांगितल्यावाचून या खाडीचा इतिहास समजणार नाही.

आरंभ हिमयुगापासून केला पाहिजे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी पृथ्वीच्या उत्तर भागात बर्फाचे प्रचंड थर साचले होते. ते पाणी समुद्रातूनच गेलेले असल्यामुळे सागराची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे आज जेथे कोरंगीची होडी तरंगते तेथे तेव्हा समुद्र नव्हता. किनारा बराच पुढे होता आणि गोदावरी उघड्या पडलेल्या भूमीवरून वाहत जाऊन आपला गाळ थेट खोल पाण्याच्या काठाशी टाकीत होती. पुढे बर्फ वितळू लागले, समुद्र वर चढला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी तो जवळजवळ आजच्या पातळीस येऊन स्थिरावला. चढत्या समुद्राने नदीचे मुख बुडविले. तेथे खाड्या शिरल्या. समुद्र थांबला तेव्हा नदीची पाळी आली. तिने आणलेल्या गाळाने ती समुद्रास मागे रेटू लागली. आजचा सुपीक, नारळीच्या बागांनी भरलेला कोनसीमा प्रदेश हा या रेटारेटीचे फळ आहे. तेथे हिंडताना भातखाचरांच्या मध्येच किनाऱ्यास समांतर अशा वाळूच्या लांबट उंचवट्यांच्या रांगा लागतात. त्यांवर घरे, वाटा आणि माड आहेत. त्या रांगा म्हणजे एकेका काळचा समुद्रकाठ. झाडाच्या बुंध्यातील वलये मोजावीत तद्वत् भूगोलज्ञ त्या रांगा मोजून नदीने किती भूमी कमाविली ते सांगतात.

परंतु नदीने आणलेली माती कोठली, आणि केव्हा अधिक, केव्हा उणी आली, हे किनाऱ्यावर समजत नाही. त्यासाठी समुद्राच्या तळाशी जावे लागले. २००६ साली भारताच्या वायुहायड्रेट-शोधमोहिमेत ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने गोदेच्या मुखासमोर सुमारे सव्वा किलोमीटर खोल पाण्यात तळाचा गाळ नळीने काढला. मोहीम इंधनाच्या शोधार्थ होती. पण त्या नळीतील वरचा साडेआठ मीटरांचा गाळ हिमयुगोत्तर सुमारे अकरा हजार वर्षांचा निघाला, आणि अमेरिकेतील वुड्स होल येथील संशोधकांनी त्याची पोथीसारखी पाने उलगडली. वरचे पान आजचे, खालचे पुराणे.

ही पाने वाचण्याची रीत थोडक्यात सांगतो. वनस्पतींच्या पानांवर मेणाचा सूक्ष्म लेप असतो. पाने कुजली तरी मेण टिकते, मातीबरोबर वाहते व समुद्रतळी पुरले जाते. वृक्ष, वेली व बहुतेक झुडपे हवेतील कर्ब एका रीतीने ग्रहण करतात. कोरड्या, उष्ण मुलखातील गवते, आणि आपली ज्वारी, बाजरी व ऊस, दुसऱ्या रीतीने. या दोन रीतींमुळे मेणातील जड कर्बाचे प्रमाण निराळे राहते. तेव्हा मेण तपासले की त्या शतकात गोदेच्या खोऱ्यात अरण्य अधिक होते की माळ अधिक होता, हे कळते. गाळातील सूक्ष्म जलजीवांच्या शिंपल्यांवरून समुद्र किती खारा होता, म्हणजेच नद्यांनी किती गोडे पाणी आणले, याचाही अदमास लागतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : हिमयुग सरल्यावर प्रथम पुष्कळ काळ दख्खनचा पावसाळा आजच्याहून बलवान होता व झाडोरा दाट होता. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरड सोसणाऱ्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या. १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत ही वाढ चालू राहिली, आणि पुढे माळरानच कायम झाले. गेल्या तीन हजार वर्षांत समुद्र एकाएकी फार खारा होण्याचे, म्हणजे पाऊस हटण्याचे, प्रसंगही वारंवार आले.

याला दुसरी साक्ष आमच्या घराच्या अधिक जवळ आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे उल्कापाताने झालेले खारे सरोवर पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. त्याच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळावरील संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. सरोवर आटून अतिखारे झाले म्हणजे त्यात एका विशिष्ट क्षाराचे स्फटिक बनतात. ते स्फटिक ज्या थरांत सापडले त्यांवरून ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा एक आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा असे दोन दीर्घ अवर्षणाचे काळ निघतात. समुद्रतळ व लोणार यांची वर्षे तंतोतंत जुळत नाहीत. जुळावीत अशी अपेक्षाही रास्त नव्हे, कारण एक साक्षीदार एका कुंडाचा आणि दुसरा सबंध खोऱ्याचा. सूर मात्र एकच आहे.

आता मातीकडे येतो. गोदेचे खोरे दोन जातींच्या खडकांचे आहे. वरचा अर्धा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्याची माती काळी, चिकण, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी. खालचा भाग त्याहून कितीतरी पुरातन अशा ग्रॅनाइटादी खडकांचा. त्याची माती तांबूस. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व अंगासच या दोन जातींची शीव लागते. देगलूर-बिलोलीकडील दगडांच्या गोलसर राशी ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस ती शीव डोळ्यांनीही ओळखता येईल. या दोन खडकांत निओडिमियम नामक धातूच्या भिन्न भारांच्या अणूंचे प्रमाण निरनिराळे असते, आणि ते वाहून, झिजून, समुद्रात बुडूनही पालटत नाही. गाळाची जात यावरून ठरते, आणि आमच्या आप्तांनी दोन बोटांनी केलेली परीक्षा यंत्राने करिता येते.

२०१७ साली त्याच नळीतील गाळावरून जो निर्णय प्रसिद्ध झाला, त्याने आम्ही थक्क झालो. सामान्य समजूत अशी की पाऊस जास्त तर धूप जास्त. येथे उलट निघाले! पावसाळा दुबळा होत गेला तसतशी धूप वाढली. विचार केला असता कारण दिसते. पाऊस उणा झाला म्हणजे झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते. आणि आपला मोसमी पाऊस उणा असला तरी येतो तेव्हा मुसळधारच येतो. दाट अरण्यावर पडलेला तोच पाऊस पानांत, पाचोळ्यात व मुळांत अडतो. उघड्या काळ्या रानावर पडला की माती घेऊनच निघतो.

याच काळात माणसानेही हात लाविला. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे इसवी सनापूर्वी सुमारे २२०० पासून शेतकऱ्यांची वस्ती होती. जोर्वे संस्कृतीची गावे पुढे गोदा-भीमांच्या खोऱ्यांत पसरली. पुढे लोखंड आले, कुऱ्हाड व फाळ बळकट झाले, पैठणास सातवाहनांची राजधानी नांदली. संशोधकांचे म्हणणे असे की धूप प्रथम निसर्गाने वाढविली आणि नंतर नांगराने तिला जोर दिला. सगळा दोष निसर्गावर घालावा की सगळा शेतकऱ्यावर, असा वाद घालणारे दोन्ही पक्ष आम्हांस भेटले आहेत. आमच्या मते प्रश्नच चुकीचा मांडला जातो. पाऊस बिनभरवशाचा झाला म्हणूनच मनुष्य स्थिर शेतीस अधिक चिकटला, आणि दक्षिणेत तळी व बांध यांची रेलचेल झाली ती बहुधा याच कोरडीच्या काळात. आपल्या गावोगावच्या जुन्या तळ्यांकडे पाहताना यापुढे आम्हांस ही गोष्ट विसरता येणार नाही.

अशा रीतीने दख्खनने माती गमाविली आणि कोरंगीने मिळविली. किनारा झपाट्याने पुढे सरकला. कोरंगीस या मिळकतीचा लाभ झाला तसा जाचही झाला. अठराव्या शतकात हे पूर्वकिनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. तेथे जहाजे बांधली जात व डागडुजीस येत. येथून इतके लोक ब्रह्मदेशास गेले की तेथे तेलुगू मजुरास ‘कोरंगी’ हेच नाव पडले. डिसेंबर १७८९ मध्ये समुद्राच्या तीन लाटा एकामागून एक गावावर आल्या आणि गाव बुडाले. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनने चक्रीवादळास ‘सायक्लोन’ हे नाव दिले. त्याने या संकटाची विशेष नोंद केली आहे. १८३९ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसेच झाले. त्यात तीन लाख माणसे मेली असे पुस्तकांतून छापिले जाते. हा आकडा आम्हांस अतिरंजित वाटतो. परंतु बंदर मोडले ते पुन्हा उभे राहिले नाही, यात संशय नाही. शिवाय वादळाने जे केले नसते ते गाळाने केलेच असते. गौतमीच्या मुखातून निघालेली वाळू किनाऱ्याच्या प्रवाहाने उत्तरेस ओढली जाऊन एकोणिसाव्या शतकात होप बेटाची पट्टी वाढू लागली. आज ती सुमारे सोळा किलोमीटर लांब आहे. तिच्या आडोशास पाणी शांत झाले, गाळ बसू लागला, तिवर पुढे सरसावले. खुला समुद्र होता तेथे आखात झाले, आणि आखाताची हळूहळू दलदल होत आहे. व्यापार काकिनाड्यास गेला. त्याच काकिनाड्यास १९२३ च्या राष्ट्रसभेत अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असताही पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ‘वंदे मातरम्’ शेवटपर्यंत गाइले, ही आठवण निघाली तेव्हा आमच्यातील गायनवेड्या मंडळींस बंदराच्या इतिहासापेक्षा तीच अधिक मोलाची वाटली.

आजचे चित्र याहून निराळे आहे, आणि ते पाहून मन प्रसन्न होत नाही. विशाखापट्टणच्या आंध्र विद्यापीठातील भूगोलज्ञांच्या गणतीप्रमाणे १९७१ ते १९७९ या काळात गोदावरी वर्षास सरासरी सुमारे पंधरा कोटी टन गाळ खाली आणीत असे. १९९० ते १९९८ या काळात तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास आला. नदीने देणे आखडले, समुद्र मात्र घेणे सोडीत नाही. १९७६ पासून पंचवीस वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या काठाची अठराशे हेक्टरांहून अधिक भूमी समुद्राने नेली. काकिनाड्याच्या उत्तरेस उप्पाडा गाव आहे. तेथील जामदानी पातळे आमच्या घरातील स्त्रियांनी डोळे भरून पाहिली, आणि घेतलीही. पण त्याच गावच्या किनाऱ्यावरील रस्ता समुद्र पुनःपुन्हा खचवितो, घरांच्या भिंती पाण्यात गेल्या आहेत. उप्पाड्याच्या दुर्दैवास कारणे अनेक असतील. नदीचा गाळ घटला हे त्यांपैकी एक.

मग माती गेली कोठे? आमच्या रानातून तर ती अजूनही जाते. दर पावसाळ्यात बांध फुटतात, उतारावरचा मुरूम उघडा पडतो. उत्तर कोरंगीस सापडत नाही. ते मागे, वाटेत आहे. १९७६ साली पुरे झालेले जायकवाडी, नांदेडाजवळचे विष्णुपुरी, आणि सीमेपलीकडे पोचमपाडचे श्रीरामसागर. ज्याची कोनशिला १९६३ मध्ये बसविली त्या श्रीरामसागराची मूळ धारणा ११२ अब्ज घनफुटांची होती. ती गाळ भरून आता ८० अब्जांच्या आसपास उरली आहे. म्हणजे भोकरची जी माती चार हजार वर्षे समुद्रास जात होती ती आता मधल्या जलाशयांत अडकून पडते. शेत उणे झाले, धरण उणे झाले आणि समुद्रकाठही उणा झाला. धरणे नकोत असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्याच पाण्यावर आमच्या जिल्ह्यातील ऊस व केळी उभी आहेत. पण हा हिशेब जमाखर्चाच्या वहीत कोठेही मांडिलेला नसतो.

शेतातील काळी माती एक तसूभर बनावयास शेकडो वर्षे लागतात. ती जावयास एक पावसाळा पुरतो. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या नावाची योजना काढिली. उन्हाळ्यात तलाव आटले की त्यांतील गाळ उपसून शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेऊन पसरावा, अशी ती आहे. आटलेल्या तलावाच्या तळाशी यंत्रे खोदीत असतात, ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. गाळ वाहून नेण्याचा खर्च मात्र पुष्कळदा लहान शेतकऱ्यास परवडत नाही, आणि मोठ्याच्याच शेतात तो आधी पोहोचतो. तरी पण मुरमाड रानावर वीतभर काळा थर पडला की पहिल्याच हंगामात ज्वारीचा रंग पालटतो. कोरंगीहून परतल्यावर आमच्या आप्तांनी आपल्या उताराच्या तुकड्यासाठी असा गाळ घेण्याचे ठरविले आहे. बांध मात्र त्याआधी घालावयाचा आहे, नाही तर पुढच्या आषाढात तीच माती पुन्हा वाटेस लागेल.